घाईत आहेस का?

गुरुवारची दुपार. एका हातात वडापाव, समोर लॅपटॉपवर अर्धा लिहून झालेला लेख, आणि 'पाचपर्यंत हवाय हं' असं बजावणारा संपादकांचा तिसरा फोन नुकताच येऊन गेलेला. तेवढ्यात मोबाइल थरथरला. मैत्रिणीचा मेसेज. तीनच शब्द : 'घाईत आहेस का?'

मी लगेच उत्तर दिलं, 'थोडीशी. रात्री बोलते गं.' पुढे एक हसरा चेहरा चिकटवला आणि पुन्हा लेखात डोकं घातलं.

रात्री बोलले नाही. दमून झोपले. शुक्रवारी प्रेस कॉन्फरन्स होती. शनिवारी मावसभावाचं लग्न. रविवारी... रविवारी खरं तर काहीच नव्हतं. पण आता एवढ्या दिवसांनी फोन करायचा म्हणजे आधी सॉरी म्हणावं लागणार, म्हणून तोही राहिला. नवव्या दिवशी कॉलेजच्या ग्रुपवर कळलं, तिच्या बाबांना पॅरालिसिसचा झटका आलाय. त्याच गुरुवारी. म्हणजे ती मला 'घाईत आहेस का' विचारत होती तेव्हा हॉस्पिटलच्या पॅसेजमधल्या बाकड्यावर एकटी बसली होती. आई गावाहून निघाली होती, भाऊ बंगळुरूला. तिला माझ्याकडून पैसे नको होते, कुणाची ओळखही नको होती. फोनच्या पलीकडे कुणीतरी हवं होतं, बस्स.

धावत भेटायला गेले. काय बोलावं सुचेना. शेवटी तीच म्हणाली, ''अगं, असू दे. मला माहितेय, तू घाईत असतेस.''

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तिनं मला मनापासून समजून घेतलं होतं आणि तेच जास्त लागलं. येताना लोकलमध्ये खिडकी मिळूनही बाहेर लक्ष नव्हतं. डोक्यात एकच किडा. मी वाईट माणूस आहे का?

चांगली माणसं आणि उशीर

पत्रकाराला प्रश्न पडला की तो वाचत सुटतो. वाचता वाचता एका जुन्या प्रयोगापाशी येऊन थांबले. मानसशास्त्र शिकलेल्यांना तो तोंडपाठ असेल, पण आपल्यासारख्या डेडलाइनवाल्यांनी तर तो ऑफिसच्या भिंतीवर लावायला हवा.

१९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. ठिकाण अमेरिकेतलं प्रिन्स्टन. प्रयोगात धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणारे ४० विद्यार्थी होते. म्हणजे 'लोकांच्या मदतीला धावून जा' हे ज्यांना पुढे जन्मभर इतरांना सांगायचंय, अशी मंडळी. त्यांना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचंय. निम्म्यांना विषय दिला नोकरीचा. उरलेल्या निम्म्यांना बायबलमधली गुड समॅरिटनची गोष्ट. चोरांनी मारून रस्त्यावर टाकलेला एक माणूस, त्याला बघून पुढे निघून जाणारे दोन धार्मिक गृहस्थ आणि थांबून त्याची काळजी घेणारा एक परका वाटसरू, अशी ती गोष्ट.

आता गंमत बघा. काहींना सांगितलं, ''तुम्हाला उशीर झालाय, ते कधीचे वाट बघतायत.'' काहींना, ''ते तयार आहेत, निघाच.'' आणि काहींना, ''अजून थोडा वेळ आहे, पण जाऊन थांबलात तरी चालेल.'' वाटेतल्या बोळात एक माणूस दारात मुटकुळं करून पडलेला, मान खाली, खोकतोय, कण्हतोय. अर्थात तो प्रयोगातलाच होता. बघायचं होतं ते एवढंच, की थांबतं कोण?

ज्यांना वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. मधल्या गटातले ४५ टक्के. आणि ज्यांना उशीर झाला होता त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे मदतीच्या गोष्टीवर भाषण द्यायला निघालेले काही जण खऱ्याखुऱ्या पडलेल्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले!

४० जणांचा छोटासा प्रयोग. त्यावरून सगळ्या मनुष्यजातीचा निकाल लावायचं कारण नाही. पण त्या दोघांनी काढलेला अर्थ मला फार पटला. त्यांचं म्हणणं असं, की जे थांबले नाहीत ते दगडाच्या काळजाचे असतीलच असं नाही. ते कात्रीत सापडले होते. इकडे हा पडलेला माणूस, तिकडे वाट बघणारा माणूस. त्यांनी वाट बघणाऱ्याचं ऐकलं. कारण तो आधी बोलला होता आणि त्यानं घड्याळ दाखवलं होतं.

आपलं काय वेगळं असतं? बॉस वाट बघतोय, क्लायंट वाट बघतोय, नऊ बावीसची फास्ट तर कुणाचीच वाट बघत नाही. ही सगळी मंडळी घड्याळ घेऊन येतात. आणि मैत्रीण येते ती विचारत, 'घाईत आहेस का?' तिच्या हातात घड्याळ नसतं. म्हणून ती मागे पडते.

सगळ्यांची घाई संपली तो दिवस

आमच्या घरी कपाटात एक निळा चौकड्यांचा शर्ट आहे. बाबांच्या मापाचा नाही, त्यांना ढगळ होतो. तो बाबांचा नाहीच मुळी. २६ जुलै २००५ला तो त्यांच्या अंगावर घरी आला.

तो दिवस मुंबईकराला वेगळा सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लोकल बंद, रस्ते बंद, फोन लागेनात. शेकडो माणसं गेली. मी तेव्हा शाळकरी होते. आई खिडकीत उभी होती एवढंच स्पष्ट आठवतं. बाबा अंधेरीहून बोरिवलीला चालत आले, रात्री तीन वाजता. गोरेगावच्या आसपास एका चाळीतल्या माणसांनी त्यांना आत बोलावलं, चहा-बिस्किटं दिली आणि अंगावरचा भिजलेला शर्ट काढून घेऊन कोरडा दिला. नाव विचारायचं राहून गेलं. शर्ट परत करायला बाबा नंतर दोनदा जाऊन आले, पण अंधारात बघितलेली चाळ उजेडात काही सापडली नाही.

बाबा ही गोष्ट सांगताना नेहमी म्हणतात, ''मुंबईचा माणूस चांगलाच गं.'' मीही मान डोलवायचे. आता मात्र वाटतं, मुंबईचा माणूस २५ जुलैलाही तेवढाच चांगला होता. २६ला फक्त एक गोष्ट वेगळी झाली. कुणालाच कुठे पोचायचं राहिलं नाही. म्हणजे पोचायचं होतं, पण पोचणं कुणाच्या हातात नव्हतं. गाडीच बंद म्हटल्यावर उशीर कसला? सगळं शहर एकदम त्या 'अजून थोडा वेळ आहे'वाल्या गटात जाऊन बसलं. आणि मान वर करून बघितल्यावर शेजारी भिजलेला माणूस दिसला.

चांगुलपणा आपल्याकडे असतोच. त्याला वाट मिळत नाही.

'काही लागलं तर सांग हं'

इथवर येऊन मी स्वतःला माफ करून टाकणार होते. घाई होती, मी वाईट नाही, फंडा क्लिअर. पण मैत्रिणीच्या घरी जायला लागले तेव्हा कळलं, गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

काका घरी आले. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला होता, त्यामुळे उजवा हात-पाय लुळा आणि बोलणंही गेलेलं. समोरच्याचं बरंचसं कळायचं, पण शब्द ओठावर येईना. पहिले पंधरा दिवस घर भरलेलं असायचं. नारळ, सफरचंदं, अंगारे. काकूंना चहा करून करून पाठ धरली. आणि प्रत्येक जण दारात चपला घालताना तेच वाक्य म्हणायचा, ''काही लागलं तर सांग हं.'' मीही म्हटलं. दोनदा.

महिन्याभरानं घर रिकामं झालं. आणि खरी गरज तर तिथूनच सुरू झाली होती. रोजचा व्यायाम, रोजच्या गोळ्या, रोजची चिडचिड. मेंदूचा गेलेला भाग परत येत नाही, पण पुन्हा पुन्हा सराव केला तर बाकीचे भाग त्याचं काही काम शिकून घेतात. पहिल्या काही महिन्यांत ही सुधारणा भरभर दिसते, नंतर ती मुंगीच्या पावलानं चालते. माणसांची ये-जा थांबते ती नेमकी याच मुंगीच्या पावलांच्या दिवसांत.

मी मैत्रिणीला विचारलं, ''सगळ्यांनी सांगितलं होतं ना, लागलं तर सांग म्हणून? मग सांगितलं का नाहीस?''

ती म्हणाली, ''काय सांगू? आणि कुणाला? समोरच्याला नाही म्हणायला लावायचं, ते आणखी वाईट.''

हे तिचंच नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या दोन संशोधकांनी २००८ साली याच गोष्टीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना सांगितलं, अनोळखी माणसांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणा. किती जणांना विचारावं लागेल असं वाटतं? अंदाज आला साधारण २०. प्रत्यक्षात १० जणांतच काम झालं! कुणाचा तरी मोबाइल मागून एक फोन करायचा, असे तीन जण मिळवा, म्हटल्यावर अंदाज होता १०चा, लागले ६. मागणारा मनात हिशेब करत बसतो, की समोरच्याला किती त्रास होईल. समोरच्याला मात्र तोंडावर नाही म्हणणंच जड जातं, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

म्हणजे बघा, मागणाऱ्याला वाटतं कुणी देणार नाही आणि देणाऱ्याला वाटतं कुणी मागत नाही. मध्ये ते वाक्य लोंबकळत राहतं, 'काही लागलं तर सांग.' बोलायला गोड, पण त्यात सगळं काम समोरच्याच्याच गळ्यात. काय लागतंय ते त्यानंच शोधायचं, कुणाला जमेल ते त्यानंच ओळखायचं आणि लाज गिळून फोनही त्यानंच करायचा. आधीच जो मेटाकुटीला आलाय त्यानं!

मंगळवार, सहा ते आठ

मग एक दिवस मी वाक्य बदललं. म्हटलं, ''दर मंगळवारी सहा ते आठ मी काकांजवळ बसणार. तू आणि काकूंनी घराबाहेर पडायचं. कुठे जायचं ते तुमचं तुम्ही बघा.''

ती 'नको गं' म्हणाली. पण कसं असतं, 'काही लागलं तर'ला 'नको' म्हणणं सोपं जातं, 'मंगळवार सहा ते आठ'ला अवघड जातं. पहिल्या मंगळवारी त्या दोघी नुसत्या खालच्या बागेत जाऊन बसल्या. दुसऱ्या मंगळवारी भाजी आणि भेळ. तिसऱ्या मंगळवारी मैत्रीण पार्लरला जाऊन आली आणि दारातच म्हणाली, ''कित्येक दिवसांनी कुणीतरी माझं डोकं चेपलं.'' त्यावर हसलो आणि मग दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं.

मी काय करायचे? फार काही नाही. काकांसमोर दोन वाट्या ठेवायच्या. एकीत राजम्याचे दाणे. उजव्या हातानं एकेक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. पहिल्या मंगळवारी तीन दाणे झाले आणि काकांनी डाव्या हातानं वाटी ढकलून दिली. पुढच्या वेळी पाच. मग पुन्हा तीन. मग सात. वर्तमानपत्रातली मथळ्याची अक्षरं वाचायचो, चित्रं ओळखायचो. स्पीच थेरपिस्टनं मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. काका शब्द शोधत असले की तो आपण पुरवायचा नाही. थांबायचं.

बॉस, हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे! समोरचा माणूस 'च... च...' करतोय, तुम्हाला ढळढळीत दिसतंय की त्याला चष्मा म्हणायचंय, जिभेवर शब्द तयार आहे, आणि तुम्ही गप्प बसायचंय. वीस सेकंद म्हणजे वीस मिनिटं वाटतात. माझी सगळी घाई त्या वीस सेकंदांत मला दिसली. समोरच्याचं वाक्य पूर्ण करून टाकायची मला किती सवय होती! फोनवर, मीटिंगमध्ये, घरी आईशीसुद्धा.

दमायला होतंच

मंगळवार म्हणजे दर वेळी पुण्याचं काम वाटायचं, असं अजिबात नाही. एका मंगळवारी काका रडले आणि मी घरी येऊन जेवले नाही. पुढच्या मंगळवारी डेडलाइनचा खोटा मेसेज पाठवला. होय, खोटा. घरी बसून मालिका बघितली.

नंतर विचार केल्यावर लक्षात आलं, मी चुकीचं ओझं उचलत होते. त्यांचं दुःख आपल्याही अंगात मुरवून घेतलं म्हणजे मदत, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासून बघितलंय. दुसऱ्याची वेदना स्वतःत अनुभवायचा सराव दिला तेव्हा माणसं आणखी खचली. 'याचं भलं होवो' या मायेच्या भावनेचा सराव दिला तेव्हा तीच दुःखाची दृश्यं बघूनही ती सावरली. साध्या भाषेत सांगायचं तर बुडणाऱ्यासोबत बुडायचं नसतं. पाय काठावर ठेवून हात द्यायचा असतो.

माझा काठ म्हणजे 'सहा ते आठ'. आठनंतर मी माझी. आधी वाटायचं, वेळ ठरवून मदत करणं म्हणजे किती कोरडं! आता वाटतं, वेळ ठरलेली होती म्हणूनच मी टिकले. जी मैत्रीण 'कधीही, रात्री दोनलाही फोन कर' म्हणते ती बहुतेक महिन्याभरात फोन सायलेंटवर टाकते. मी तीच होते.

या आठवड्यात करून बघा

* 'काही लागलं तर सांग' हे वाक्य बंद. त्याऐवजी काम, वार आणि वेळ सांगा. 'शनिवारी औषधं मी आणते', 'बुधवारचा डबा माझा.'
* छोटंच ठरवा. दर आठवड्याला एक तास जमत असेल तर एकच सांगा. चारचं कबूल करून दोनदा गायब होऊ नका.
* आजारपणाच्या घरी पहिल्या आठवड्यात गर्दी असते. तुम्ही दुसऱ्या महिन्यात जा.
* मदत हवी असेल तर मागा, आणि नेमकी मागा. 'कुणीतरी या' यापेक्षा 'तू गुरुवारी चारला येशील का?' लवकर लागू पडतं.
* समोरच्याचं मन फारच खचलंय, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा येतेय असं वाटलं, तर एकटीनं किंवा एकट्यानं ओझं घेऊ नका. त्याला एकटं न सोडता जवळच्या माणसांना आणि डॉक्टरांना सांगा. सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. २०२२ साली सुरू झाली, मराठीतही बोलता येतं.

ता. क.

गेल्या मंगळवारची गोष्ट. राजमा अकरा दाण्यांवर पोचलाय. आठ वाजून गेले होते, त्या दोघी परत आल्या होत्या. मी पर्स उचलली, मोबाइलवर सव्वाआठच्या स्लोची वेळ बघितली आणि उठले. तेवढ्यात काकांच्या ओठांची हालचाल सुरू झाली. 'ब... ब...'

मी थांबले. पुरवला नाही शब्द. काकूही दारात चप्पल तशीच हातात धरून उभ्या.

''बस,'' काका म्हणाले. स्पष्ट.

आता 'बस' म्हणजे 'बस जरा वेळ' की 'बस झालं, जा आता', हे मला अजूनही कळलेलं नाही. मैत्रीण म्हणते, दुसरंच असणार, तू फार बडबड करतेस. मी मात्र पहिला अर्थ घेतला आणि बसले. सव्वाआठची गेली. पुढची होतीच.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा 'रात्री बोलते' किंवा 'नंतर करतो' पडून असेल. फार दिवस झाले असतील तर सॉरी म्हणावं लागेल, दोन मिनिटं अवघडल्यासारखं होईल. होऊ दे. हा अंक ठेवा बाजूला आणि लावा फोन. पुढचं पान काही पळून जात नाही.